वरून टाकलेली आंगठी

"अंबाडा सोड," मालकीण म्हणाली. भर अंगणात. कापूस मोजून द्याले आलेल्या बाया पाहून राह्यल्या होत्या. माही बायको शेवंता मधात उभी. केस कंबरेपर्यंत मोकळे.

"आंगठी केसात नाई. पदराच्या गाठीत हाय," ती म्हणाली. "तुमीच टाकली होती."

टाकलीच होती. बोरी अरबच्या या मालकाच्या पोराचं लग्न झालं. व्याही मुंबईचा. त्यानं जावयाले आंगठी घातली, ती पांढरी. मालकिणीचं डोकं फिरलं. "आमच्या पोराले चांदी?" सून काही सांगाले गेली, तर तिले गप बसवलं. शेवंता अंगण झाडत होती. तिले पदर पसराले लावला अन् आंगठी वरून टाकली. आमाले सारं वरूनच भेटे. भाकर, पाणी, मजुरी. "ने. तुमच्यात शोभते."

मंग यवतमाळचा सोनार आला. सुनेच्या बोटात त्याच आंगठीची जोडी. त्यानं हातावर तोलून पाह्यली. "चांदी कायची, बाई? प्लॅटिनम हाय. सोन्याहून महाग."

झालं. टाकलेली आंगठी चोरीची झाली.

मी पुढं झालो. "सूनबाईले विचारा. तिच्यासमोर देल्ली." सुनेनं मान खाली घातली. मालक हसला. "लय बोलाले लागला रे. नागपूरले जाऊन आला म्हणून काय?"

दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं. दोघंही गेलतो. "हो," म्हटलं. "म्हणूनच."

शेवंतानं गाठ सोडली. मालकिणीनं जमिनीकडं बोट केलं. "ठेव तिथं."

"नाई. देल्ली तशीच घ्या. पदर पसरा."

मालकीण मालकाकडं पाहे, मालक आंगठीकडं. मंग तिनं पदर पसरला. सोन्याहून महाग होती ना. शेवंतानं वरून सोडली. केस न बांधताच निघाली. मी तिच्यासंगं. त्या घरचा झाडू तवाच सुटला. उपास पडले. पडू देले.

या उन्हाळ्यात शेवंता गेली. मले एका जागी बसवत नाई. दारातून चुलीपाशी, चुलीपासून दारात. भांडं वाजलं का तिलेच हाक मारतो.

त्या घरचा नातू भेटाले आला. शिकलेला, मोटारसायकलवाला. दुखवट्याचं नवं धोतर आणलं. उभ्यानंच, वरून माह्या मांडीवर सोडलं.

मी उचललं, त्याच्यापुढं धरलं. "बाबू, हातात दे. नाईतर परत ने."

घेऊन गेला.

पोराइले सांगून ठेवलं हाय. मी मरेन तवा अंगावर फाटकं चालन. वरून टाकलेलं चालणार नाई.