आक्काचा उजवा गुडघा

आक्काचा उजवा गुडघा माझ्यामुळे गेला. हे इतक्या सरळ शब्दांत मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. विचारणाऱ्यांना सांगायचो की निपाणीकडच्या एका यात्रेतल्या सामन्यात ती पडली, खेळ म्हटला की असं व्हायचंच. पडली हे खरं. पण त्याआधी कित्येक आठवडे ती मला काहीतरी सांगत होती आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

मी बेळगावातल्या एका हायस्कुलात पी.टी.चा मास्तर. संध्याकाळी महिलांच्या कबड्डी संघाचा सराव घ्यायचो. बहुतेक मुली कॉलेजातल्या, आक्का एकटी संसारी. काकतीजवळच्या एका शेतकरी घरातली सून, एका मुलीची आई आणि बेळगाव-निपाणी बसवर कंडक्टर. मुली तिला आक्का म्हणायच्या, म्हणून तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा असलेला मीही आक्काच म्हणू लागलो. ती उजव्या कोपऱ्यात उभी राहायची. चढाई करणारीचा घोटा एकदा तिच्या हातात आला की पंचाची शिट्टी वाजेपर्यंत सुटायचा नाही. समोरच्या संघातल्या मुली आत येण्याआधी ती कुठे उभी आहे ते बघून घ्यायच्या.

बसमध्ये ती दांडा धरत नसे. गच्च भरलेल्या गाडीत, एका हातात तिकिटाचं मशीन आणि दुसऱ्या हातात नोटा घेऊन, "मुंदे होगरी, फुडं लई जागा हाय" असं अर्धं कानडी अर्धं मराठी ओरडत ती मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत चालत जायची. तवंदी घाटाच्या वळणावर बसलेली माणसं एकमेकांवर कलंडायची. ही मात्र पाय किंचित फाकवून सुट्टे पैसे मोजत उभी. मी एकदा म्हटलं, आक्का, धरत जा गं कशाला तरी. तर म्हणाली, "दांडा धरला तर पैसे काय दातानं घेऊ, सर?" ड्युटी संपली की खाकी शर्ट पिशवीत कोंबून ती थेट मैदानावर यायची. दिवसभर उभी राहिलेली बाई आणखी दोन तास उभी राहायची, आणि दमलेय हा शब्द तिच्या तोंडून आल्याचं मला आठवत नाही. याच गोष्टीचं मला फार कौतुक होतं. आता वाटतं, त्या कौतुकानंच मला आंधळं केलं.

सरावात एकदा ती मागे वळून घोटा धरायला झेपावली. पाऊल जमिनीत रुतलेलं राहिलं आणि अंग वळलं. शेजारच्या मुलीला काहीतरी कट्कन मोडल्यासारखा आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. घरी सासूनं हळदीचा लेप घातला, मी बर्फ आणि विश्रांती सांगितली. डॉक्टरकडे जा, असं मी म्हणालो नाही. आमच्याकडे मैदानावर हाड मोडलं तरच दवाखाना. बाकी सगळं मुरगळणं.

सूज उतरल्यावर मी तिची परीक्षा घेतली. ही परीक्षा माझ्या वस्तादांकडून माझ्याकडे आलेली: सरळ पळवायचं, मग बैठका मारायला लावायच्या. तोंड वाकडं झालं नाही तर गडी बरा. आक्का मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली, थांबायला सांगेपर्यंत बैठका मारल्या, तोंड वाकडं झालं नाही. मी खूश. तेव्हा ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, सरळ गेलं की काय न्हाय. पण वळलं की गुडघा सटकतोय. पाय आपला न्हायच असं वाटतंय."

तिनं हळू सांगितलं, मी मोठ्यानं उत्तर दिलं. सगळ्या मुलींसमोर म्हणालो, "आक्का, गुडघा नाही सटकत, मन सटकतंय. ते घट्ट कर."

मुली हसल्या. आक्काही हसली. मग तिनं गुडघ्याला पट्टी आवळली आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. कबड्डीत सरळ पळायचं असतं कुठे? सगळा खेळ वळण्याचा, आणि परीक्षा मी घेतली सरळ पळण्याची. एवढी साधी गोष्ट वीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला कळू नये, याची चीड अजून जात नाही.

आक्काला स्वतःच्या फजितीवर हसायची सवय होती. एकदा सांगत आली की काकतीच्या स्टॉपवर गाडी थांबलेली असताना ती पैसे द्यायला वळली, गुडघा निसटला आणि ती सरळ एका म्हाताऱ्या आजोबांच्या मांडीवर. ते शांतपणे म्हणाले, बाई, ही सीट भरलीय. आक्का म्हणाली, "व्हय आजोबा, म्हणूनच उठायला लागलेय." आम्ही पोट धरून हसलो. तवंदी घाटात न हलणारी बाई उभ्या गाडीत पडते, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. असं आणखी दोनचारदा झालं. दर वेळी तिनं गोष्ट केली आणि दर वेळी मी हसलो.

मग तो यात्रेतला सामना. ती वळली, खाली बसली आणि उठलीच नाही. गुडघा अर्धा वाकलेला, सरळही होईना आणि पुरता मिटेनाही. आम्ही जीपमध्ये आडवी घालून तिला बेळगावला आणली. वाटेत तिनं एकच गोष्ट विचारली, परवा ड्युटी हाय, जमंल न्हवं?

एमआरआय झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून समजावलं. गुडघ्याच्या मधोमध एक लिगामेंट असतं, दोरीसारखं. नडगीचं हाड पुढं सरकू नये म्हणून ते धरून ठेवतं. दोन हाडांच्या मध्ये कूर्चेच्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. अंगाचा भार वाटून घेणं हे त्यांचं काम. दोरी त्या पहिल्या दिवशीच तुटली होती. मग हाड पुढं सरकायला लागलं की आतल्या गादीची मागची कड त्याला अडवत होती. ते तिचं काम नव्हे. दर सटकण्याला ती हाडांत चेमटत गेली, आणि आता फाटून सांध्यात अडकली होती.

आक्का म्हणाली, "म्हणजे हँडब्रेक तुटलेली गाडी घाटात चाकाखाली दगड लावून उभी करतोय, तसं?"

डॉक्टर म्हणाले, अगदी तसं. फरक एवढाच की हा दगड मऊ आहे. सुरुवातीलाच आला असता तर नवी दोरी बसवून भागलं असतं. आता गादीचा बराच भाग काढावा लागणार, शिवण्यासारखा तो राहिलेला नाही. आणि गादी नसली की नव्या दोरीवरही जास्त ताण येतो. दोघं एकमेकांना सांभाळत असतात. मग त्यांनी विचारलं, मधल्या काळात खेळायला परवानगी कुणी दिली? मी खाली बघितलं. आक्का म्हणाली, मीच खेळले, मला कोण अडवणार.

ऑपरेशन झालं. कबड्डी सुटली, आणि वर्षभरात चालती गाडीही सुटली. तिला बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसवलं. कधी तिकडून गेलो की लोखंडी जाळीमागे ती दिसायची, गुंजीची गाडी, नंदगडची गाडी सांगत. मला बघून म्हणायची, "सर, बसून बसून कंटाळा आला बघा." जिना उतरताना ती आता कठडा धरते. चाळिशीही अजून आलेली नाही.

माफी मागायला मी कितीतरी वेळा त्या खिडकीपाशी गेलो. विषय काढला की ती चहा मागवायची, मुलीचे मार्क सांगायची. एकदा नेट लावून बोललो, तर म्हणाली, "तुमी काय मुद्दाम केलंय व्हय?" त्यावर मला तिचाच राग आला. चार शिव्या घातल्या असत्या तर मोकळा झालो असतो. त्याहून वाईट म्हणजे घरी जाताना मनात यायचं, हिनं तरी स्वतःहून डॉक्टर का गाठला नाही? माझं ओझं तिच्या त्याच गुडघ्यावर टाकायला मी तयार होतो.

गेल्या महिन्यात संघाच्या जुन्या मुलींनी माझा सत्कार केला. शाल, फेटा, भाषणं. एक मुलगी आता शिक्षिका आहे. ती माझ्या शिकवणीबद्दल बोलायला उठली. म्हणाली, सरांचं एक वाक्य मी अजून माझ्या मुलांना सांगते. आक्का घाबरली होती तेव्हा सर म्हणाले होते, गुडघा नाही सटकत, मन सटकतंय. टाळ्या पडल्या. पुढं बसलेल्या नव्या संघातल्या मुलींनीही टाळ्या वाजवल्या. आक्का दुसऱ्या रांगेत होती, उजवा पाय खुर्चीबाहेर लांब करून. तीही टाळ्या वाजवत होती.

मला उत्तराचं भाषण करायचं होतं. मी फेटा काढून टेबलावर ठेवला. म्हणालो, ते वाक्य कुणीही, कुणालाही पुन्हा सांगू नका. मग तिचा गुडघा कसा गेला ते सगळं सांगितलं: ती परीक्षा, ते हसणं, डॉक्टरांच्या प्रश्नावर माझं गप्प बसणं. आक्का मधेच म्हणाली, "सर, ऱ्हाऊ द्या आता." मी म्हटलं, नाही, आज तू चहा मागवायचा नाहीस.

"तू घाबरली नव्हतीस, आक्का. तू खरं सांगत होतीस. मी तुला सगळ्यांसमोर खोटी पाडली, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी होती. मला माफ कर."