आप्पांच्या पियानोला माईक

एखादी वस्तू घ्यायची ठरली की ती घरात यायच्या आधी तिचे किस्सेच येऊन बसतात. आमच्या आप्पांच्या माईकचं तसंच झालं. माईक एवढासा, किस्से मात्र पोतंभर.

आप्पा निपाणीचे. मला लहानपणी पेटी त्यांनीच शिकवली. त्यांच्याकडे एक उभा पियानो आहे, बेळगावच्या कॅम्पातल्या कुठल्याशा बंगल्यातून आणलेला. ते त्याला ‘बाजा’ म्हणतात. अलीकडे त्यांना बारीक सूर ऐकू येईनात. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आप्पा मला म्हणाले, “रेकॉर्ड करून दे गं. कानात घालून, आवाज वाढवून ऐकीन. कान हाईत तवर माझा बाजा मला ऐकून ठेवायचाय.”

मी लगेच हो म्हटलं. आतून आक्का, म्हणजे आप्पांची बायको, म्हणाल्या, “करा की. पर माझ्या मिक्सरपेक्षा महाग माईक घरात यायचा न्हाय.”

झालं, बजेट ठरलं.

०

माझ्या ऑफिसातला महावीर निपाणीचाच. त्यानं इंटरनेटवर शोधून सांगितलं, “पियानोला कंडेन्सर लागतोय.” हा माईकचा एक प्रकार, बारीक आवाज टिपणारा. मी बेळगुंदीसारख्या खेड्यातली, मला त्यातलं काय कळतंय? निपाणीत दिसलेल्या पहिल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरले आणि म्हटलं, “चांगला कंडेन्सर दाखवा.”

“अडीचचा देऊ का सव्वातीनचा?”

मला वाटलं, काहीतरी साईज असेल. म्हटलं, “पियानोला लावायचाय.”

दुकानदारानं जरा विचार केला. “पियानो? नवी कंपनी दिसतीया. किती पात्यांचा हाय?”

तो पंख्याचा कंडेन्सर आक्कांनी हॉलमधल्या पंख्याला बसवून घेतला. पंखा तेव्हापासून असा फिरतो, की खाली पेपर वाचता येत नाही.

०

मग मी बेळगावच्या म्युझिकच्या दुकानात गेले आणि तिथून आप्पांना फोन लावला. स्पीकरवर आप्पा आणि आक्का. दुकानातला पोरगा समजावून सांगत होता, “या माईकला करंट मिक्सरमधून द्यावा लागतो. तुमच्याकडं मिक्सर आहे का?”

“हाय की,” आक्का म्हणाल्या. “चटणीचं भांडं काढू का राहू दे?”

पोरग्यानं फोन माझ्या हातात परत दिला.

०

माईक मिळेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून कडोलीच्या साऊंडवाल्याचा माईक मागून आणला. कविसंमेलनांना तो हाच माईक लावतो. आम्ही पियानोपासून हातभर लांब ठेवला आणि रेकॉर्ड केलं. ऐकलं तर पियानो शेजारच्या गल्लीत वाजतोय असं वाटत होतं.

साऊंडवाला म्हणाला, “व्हय, ह्यो कवींचा माईक. तोंड पार चिकटवलं तरच ऐकतोय. तुमच्या पियानोचं तोंड कुठं आलं?”

गंमत म्हणजे हा प्रश्न बरोबर होता. आप्पा, आक्का आणि मी खरंच पियानोभोवती तोंड शोधत फिरलो. वरचं झाकण उघडून कान लावला, मागच्या लाकडाला लावला, पायाशी लावला. प्रत्येक ठिकाणी वेगळाच पियानो ऐकू येत होता. इतक्या वर्षांत हे मला माहीतच नव्हतं.

०

शेवटी महावीरला कोल्हापुरात कंडेन्सर माईकची जोडी मिळाली, त्यांना करंट देणाऱ्या डबीसकट. सेकंडहँड, मिक्सरपेक्षा स्वस्त. परत येताना कर्नाटकच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसांनी बॅग उघडायला लावली. सीमाभागात माईक म्हणजे भाषण, आणि भाषण म्हणजे बंदोबस्त.

“सभा कुठाय?” पोलिसानं विचारलं.

महावीरनं शुद्ध कन्नडमध्ये सांगितलं, की सभा नाही, पियानोसाठी आहेत.

पोलिसानं दोन्ही माईक वर-खाली करून बघितले. “पियानो?” तो म्हणाला. “याव पार्टी री?”

म्हणजे, ही कुठली पार्टी?

०

कंडेन्सरचा गुण असा की त्याला सगळंच ऐकू येतं. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये पंखा आला, दुसऱ्यात कुकर. दोन्ही बंद केले तर आप्पांच्या पायाखालच्या पेडलची करकर आली. पेडल दाबलं की कर्र. संसारभर आक्का तिच्या नावानं ओरडत आल्या होत्या. महावीरनं शिलाई मशीनचं तेल घातलं आणि करकर गायब झाली. मग असं स्वच्छ रेकॉर्डिंग झालं, की आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या.

आप्पांनी हेडफोन लावला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

“बाजा झ्याक हाय,” ते म्हणाले. “कुणाचा?”

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

“आप्पा, तुमचाच की.”

“माझा न्हवं ह्यो.” त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “म्हंजे माझं कानच गेलं म्हणायचं. माझा बाजा मला वळखंना.”

महावीर तेलाच्या बाटलीकडे बघत राहिला.

०

दुसऱ्या दिवशी आक्कांनीच फर्मान काढलं, “परत एकदा घ्या.” आणि स्वयंपाकघरातली जुनी लाकडी खुर्ची ओढत आणून पियानोच्या मागं, माईकजवळ मांडली.

“तू कशाला बसतीस हितं?” आप्पांनी विचारलं.

“माझी कंबर दुखतीया. तुम्ही वाजवा.”

आप्पा वाजवू लागले. ते पेडल दाबायचे आणि नेमक्या त्याच क्षणी आक्का खुर्चीत मागं रेलायच्या. कर्र. त्यांना आप्पांचा पाय दिसत नव्हता. तरी एकदाही चुकल्या नाहीत.

वाजवून झाल्यावर आप्पांनी हेडफोन लावला. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. थोड्या वेळानं त्यांची मान हलू लागली.

“हां,” ते म्हणाले. “ह्यो माझा. कालचा माईक न्हवं ह्यो. नवा कुठला आणला?”

आक्कांनी खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या.

“मिक्सरपेक्षा स्वस्त हाय,” त्या म्हणाल्या. “ऐका गुमान.”