बाल्कनीतली मराठी

हिंदी मुलखातल्या आमच्या गोमती नगरच्या फ्लॅटमध्ये एक नियम होता. मुलीचा फोन पाहायचा तो तिच्यासमोरच. माझ्या संशोधन संस्थेतल्या बैठकीला शोभेल अशा गांभीर्यानं मी तो जाहीर केला होता. सोळाव्या वर्षी ती बाल्कनीचं दार लोटून फोनशी कुजबुजू लागली, तेव्हा बायको म्हणाली, "मुलगा असणार कुणी. विचार की, नियम तुझाच आहे."

मी विचारलं. मुलीनं फोन माझ्यापुढे सरकवला. "देख लो, बाबा."

मुलगा नव्हताच. नागपूरच्या माझ्या बहिणीला पाठवलेले लांबलचक व्हॉइस मेसेज होते. शाळा, मैत्रिणींची भांडणं, रडू, सगळं मोडक्या मराठीत. माझ्या मराठी प्रश्नांना ती वर्षानुवर्षं 'हाँ' नाहीतर 'अच्छा' एवढंच म्हणत आली होती. मुलगा असता तर बरं झालं असतं, रागावता तरी आलं असतं.

"माझ्याशी का नाही बोलत अशी?"

"आप टोकते हो. आत्या सुनती है."

मी फोन परत दिला आणि पुन्हा कधी मागितला नाही. बायको याला विश्वास म्हणते. बहिणीचे फोन मात्र मी आठवडाभर उचलले नाहीत.