अण्णाच्या खात्यात साइन-इन

खातं, ओटीपी, बंद पडलेला नंबर, असले शब्द दिसले की तुम्हाला वाटणार, झालं, कुणाचे तरी पैसे गेले. आता एक गोड बोलणारा माणूस बँकेतून बोलायलोय म्हणून फोन करणार आणि शेवटी सगळे पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसणार. तसं काही न्हाई. फोनवर आवाज बदलून बोलणारा माणूस ह्यात हाय, पर तो मीच हाय. आणि खात्यात पैसा नव्हता. घर हुतं.

सीमेवरच्या आमच्या कमलनगरात मला नकल्या म्हणत्यात. हेडमास्तर, कन्नडचे सर, स्टँडवर उदगीर-उदगीर म्हणून गळा काढणारा जीपवाला, सगळे माझ्या घशात राहायला हायत. पर सगळ्यात चांगला जमायचा तो अण्णा, माझा थोरला भाऊ. अण्णा बोलायच्या आधी नाकातून एक 'हं' करायचा, जणू समोरच्यानं आधीच काहीतरी इचारलंय. तेवढं 'हं' जमलं की बाकीचा आवाज आपोआप मागून यायचा. अप्पांचं, म्हंजे आमच्या वडलांचं, पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान हाय. एकदा मी मागच्या गोडाऊनमधून अण्णाच्या आवाजात सांगितलं, हं, अप्पा, दोन इंचीचे पाइप भायेर काढा. अप्पांनी काढले बी. खरा अण्णा तवा समोर च्या पीत उभा हुता.

ठाणाकुशनूरच्या एका गिऱ्हाइकाच्या विहिरीवर मोटार बसवायला अण्णा गेलता, तिथं त्याला करंट लागला. त्यावर मला जास्त लिहायचं न्हाई. त्यानंतर मी तो आवाज काढला न्हाई आणि मित्रांनी बी काढ म्हणलं न्हाई.

अण्णाला कॉम्प्युटरवर एकच नाद हुता. घर बांधायचा खेळ. त्यात तुम्हाला नुस्ती रिकामी जागा देत्यात. भिंती तुम्ही घालायच्या, खिडक्या तुम्ही लावायच्या, झाड, पलंग, नळ, सगळं तुम्ही. हैदराबादला माल आणायला गेलता तवा त्यानं त्या खेळाची डिस्कवाली पेटी विकत आणलती, पक्क्या बिलाची. आमच्या गल्लीत खेळ विकत घेणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. आम्ही हसलो. फुकट मिळतंय की, कामून पैसे घालायलास? तर म्हणला, चोरीच्या इटांनी घर बांधत न्हाईत.

आधी तो खेळ गपचूप चालायचा. डिस्क घाला, बांधा, झोपा. मग कधीतरी कंपनीनं बदल केला आणि पडद्यावर पाटी आली, पुढं खेळायचं असंल तर खातं उघडा आणि साइन-इन करा. अप्पांनी ती पाटी माझ्याकडनं वाचून घेतली आणि म्हणले, म्हंजे मी पाइप इकायचा आणि पाणी सोडायच्या येळी गिऱ्हाइकानं दर खेपेला मला नाव सांगायचं का? अण्णानं हसून आपला मोबाइल नंबर टाकला, खातं उघडलं. तवापासून त्याचं घर आमच्या कॉम्प्युटरवर न्हवतं, कंपनीच्या कॉम्प्युटरवर हुतं. हे तवा कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.

लग्नानंतर तो खेळ दोघांचा झाला. वैनी बाजूला खुर्ची घेऊन बसायची. हात लावायची न्हाई, नुस्तं सांगायची. खिडकी उगवतीला घ्या. चुलीपाशी उजेड पायजे. पायऱ्या भायेरून नको, आतून. आमच्या घरावर माळा चढवायचा आणि तिथं दोघांनी राहायचं असं ठरलतं, ते ती दोघं आधी त्या खेळात बांधून बघायलती. अण्णा बांधायचा, वैनी मोडायला लावायची, अण्णा 'हं' म्हणून परत बांधायचा. खरा माळा काही झाला न्हाई. गच्चीवर सळ्या तशाच वर आलेल्या हायत.

आमच्यात बाईचं दुसरं लग्न लावत्यात, उडकी म्हणत्यात त्याला. अप्पांनीच वैनीच्या वडलांना निरोप धाडला, पोरगी लहान हाय, तिचा जलम हितं घालवू नका. रविवारी ते आणि तिचे मामा न्यायला येणार हुते. वैनीनं पेटी भरली. अव्वा, म्हंजे आमची आई, तिला हे ने, ते ने म्हणायलती, ती काहीच घेईना. शनिवारी जेवण झाल्यावर अव्वा शेजारी गेली, अप्पा दुकानात, तवा वैनी माझ्यापाशी येऊन म्हणली, "भावजी, ते घर एकदा दाखवता का. फोटो काढून घेते."

वैनी मला कायम भावजीच म्हणायची आणि तुम्हीच म्हणायची. मी तिच्याहून लहान, बारकं शेंबडं ध्यान, तरी तुम्ही.

मी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं, डिस्क घातली. पाटी आली. लई दिवस कुणी न आल्यामुळं खात्यातून भायेर काढलंय, परत साइन-इन करा. पासवर्ड अण्णासोबत गेलता. मी त्याची गाडी, वैनीचं नाव, लग्नाची तारीख, सगळं टाकून बघितलं. मग कंपनीच्या मदतीच्या खिडकीत लिवलं की खातं ज्याचं हुतं तो वारलाय, घरच्यांना एकदाच बघायचंय. घडीभरात इंग्रजीत उत्तर आलं. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी हाव. तुम्ही जे घेतलंय तो खेळ न्हाई, खेळायची परवानगी हाय, आणि ती खातेदाराचीच असती, दुसऱ्याला देता येत न्हाई. एवढ्या लवकर आमच्या दुःखात सोयरे बी सहभागी झाले न्हवते.

राहिला एकच रस्ता. पासवर्ड विसरलात का, त्यावर दाबा, मोबाइलवर कोड येईल. पर अण्णाच्या नंबरवर रिचार्ज कोण मारणार? तो बंद पडलता आणि मोबाइलच्या कंपनीनं दुसऱ्याला देऊन टाकलता. मी तो नंबर लावला. घंटी वाजली, एका म्हाताऱ्या माणसानं उचलला. हात कीबोर्डवर पायजेत म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवलता. वैनी आत पेटीपाशी हुती.

म्हातारा कुठला ते मी इचारलं न्हाई. थोडं मराठी, थोडं कन्नड, थोडं दखनी उर्दू, सगळं एकाच ताटात कालवून बोलायचा. आमच्याकडं निम्मी माणसं असंच बोलत्यात, त्यात मला काही नवीन वाटलं न्हाई. मी कोड धाडायचं बटण दाबलं आणि सांगितलं, हा नंबर आधी माझ्या भावाचा हुता, आता तुमच्या फोनवर एक कोड येईल, तेवढा सांगा. म्हातारा भला हुता आणि सावध बी हुता. म्हणला, बँकवाले सांगत्यात, नंबर कुणाला देऊ नका. तू भाऊ, तुला कामून देऊ? ज्याचा हाय त्याला फोन दे.

तवा मी खरं सांगायला पायजे हुतं असं तुम्ही म्हणाल. पर आमच्या घरात तो शब्द आजवर कुणी मोठ्यानं उच्चारला न्हवता. मघाशी कंपनीला इंग्रजीत लिवला तेवढाच. आत वैनी हुती. तोंड उघडलं आणि शब्दाच्या जागी नाकातून 'हं' आलं.

"हं. बोला काका. मीच बोलायलोय."

म्हाताऱ्याचा आवाज एकदम सैल झाला. म्हणला, अरे बाबा, तूच का तो. तुझ्या नावानं लई फोन येत्यात मला. कुणाला मोटार पायजे, कुणाला पाइप. एक बाई तर दुपारी फोन लावती आणि काहीच बोलत न्हाई, नुस्ता श्वास ऐकू येतो. तिला तरी नवा नंबर दे.

मी मागं बघितलं. वैनी दाराच्या चौकटीला धरून उभी हुती. कवा आलती कळलं न्हाई. मी परत पडद्याकडं तोंड केलं, कारण तिच्याकडं बघून तो आवाज निघाला नसता, आणि आता थांबलो तर कोड गेला असता. अण्णाच्याच आवाजात म्हणलो, "देतो काका. कोड सांगा."

म्हाताऱ्यानं नातवाकडनं वाचून घेतला आणि एकेक आकडा मोठ्यानं सांगितला. "आरू. ऐदू. नालगू. एडू. आरू. ऐदू."

सहा, पाच, चार. मग एडू. कन्नडमधी दोनला एरडू म्हणत्यात, आणि आमच्याकडच्या बोलण्यात त्यातला र गिळत्यात. मी दोन दाबला. सहा, पाच. कोड चुकीचा. घाईत बोट घसरलं असंल म्हणून परत तेच दाबलं. चुकीचा. मी काका परत सांगा म्हणलो, त्यानं परत तसंच सांगितलं, मी परत तसंच ऐकलं. मग पडद्यावर लाल पाटी आली. तुमच्या सुरक्षेसाठी हे खातं बंद केलंय. उघडायचं असंल तर खातेदारानं स्वतःचं ओळखपत्र हातात धरून आजचा फोटो पाठवावा.

ते मी वैनीला वाचून दाखवलं न्हाई. तिनं स्वतःच वाचलं. स्पीकरवर म्हातारा इचारायलता, झालं का बाबा तुझं काम? मी माझ्या आवाजात व्हय म्हणलो आणि फोन ठेवला.

मला वाटलं आता अण्णाच्या आवाजावरनं बोलणी बसणार. मान खाली घालून तयार झालो. वैनी खुर्चीवर बसली न्हाई, उभ्यानंच बोलली, आणि रडत न्हवती.

"एडू म्हंजे सात," ती म्हणली. "तेलगू हाय ते. औरादच्या पल्याड आमच्या माहेरात लेकरं बी सांगतील. दोन न्हाई, सात. तुला त्यांचं हं करणं येतंय, खाकरणं येतंय. त्यांच्यावाणी ऐकायला कामून शिकला न्हाईस? लग्न ठरल्यावर ते माझ्या आईपाशी बसून सगळे आकडे शिकले, सासुरवाडीच्या बाजारात फसायला नको म्हणून. मी हितं दारात उभी हुते. मला इचारायला काय झालतं तुला? एक हाक मारायची हुती. तो आवाज ऐकून माझं तोंड उघडंना. तुझं तर उघडंच हुतं."