खोकला ऐकणारी अक्का

अक्का कुणाच्या दारात गेली की आधी रामराम न्हाई, कान लावायची. आत कुणी खोकललं की इचारायची, "ह्यो कोण? किती दिस झाले?" आमच्या जळकोटाकडच्या गावातली, सरकारी दवाखान्याच्या कामाला घरोघर फिरणारी आशाताई ती. कीर्तनाला बसली तरी ध्यान महाराजाकडं नसायचं. कोण कितीदा खोकललं ते बोटावर धरायची. एकदा खुद्द महाराजाला ठसका लागला, तर कीर्तन सपायच्या आत हिनं थुंकीची डबी पुढं केली.

गावातला सगळ्यात मोठा खोकला माझा. शाळा बघितली ती बाहेरूनच, बिडी मात्र आतपर्यंत वढली. गावभर टीबीची तपासणी निघाली तवा अक्का पहिली माझ्याच वट्यावर टेकली. "भाऊ, नुसती थुंकी नगं मला. सकाळी चूळ भर अन् छातीतून बेडका काढ. असा." तिनं खोकलून दाखवलं तर आमची म्हैस दावं तोडायला निघाली.

पण तवा माझ्या पोरीची, सुमनची, सोयरीक जमून राहिली होती. पोरीच्या बापाला टीबी म्हणल्यावर रेणापूरचे पावणे पाणीबी पेले नसते. मग म्या डोकं चालवलं. ते चाललं की कायतरी मोडतंयच. शेजारी दगडू पैलवान, कधी खोकलताना कुणी बघितला न्हाई. त्याला डबी दिली, "जरा जोर लाव यात." गड्यानं इमानदारीत जोर लावला. म्या ती माझी म्हणून अक्काला देऊन टाकली.

चार दिसांनी अक्का आली, हळूच म्हणली, "भाऊ, टीबी निघाला. भिऊ नगं, सहा महिने गोळ्या खा, बरा होतूस."

गोळ्या मी खाणार अन् बिमारी दगडूची! सोयरीक गेली तर दुसरी बघता येईल, दगडू कुठून आणू? सगळं वकलो. वाटलं, आता चप्पल काढती. ती खालीच बसली. "दगडू? त्यो तर खोकलत न्हाई!" मग म्हणली, "त्याचा शर्ट ढिला झालाय, म्या बघितलं होतं रं. कानाच्या नादात डोळ्याचं ऐकलं न्हाई."

दोघं दगडूकडं गेलो. सगळं ऐकून त्यो म्हणला, "खोकला तुझा, अन् टीबी मला?"

माझीबी तपासणी झाली. निव्वळ बिडी. दगडूनं गोळ्या खाल्ल्या, रोज, अक्काच्या डोळ्यांपुढं. अन् अक्का तवापासून कुणाचा शर्ट ढिला, कुणाला रातीला घाम, असल्या न खोकलणाऱ्यालाबी धरून तपासायला न्यायला लागली. लोक तिला बघून गल्ली बदलायचे.

पावण्यांच्या कानावर कायतरी गेलंच. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं अक्काला गाठून इचारलं, "त्या घरात टीबी हाय म्हणं?" अक्का म्हणली, "म्या सगळ्या गावाची तपासणी केली. कुणाचं काय निघालं ते ज्याचं त्याला ठावं. तुमची करायची का?" म्हातारा गुमान चहा पेला. सुमनचं लगीन झालं.

औंदा अक्का लेकाकडं लातूरला ऱ्हायला गेली. ती जीपमधी बसताना म्या इचारलं, "अक्का, माझ्या त्या डबीचं कुणाला बोललीस का गं?"

"कोणती डबी?" ती म्हणली, अन् डायव्हरला इचारलं, "तुमाला रातीला घाम लई येतो का ओ?"