क्रेन थांबली की

आमची वहिनी टॉवर क्रेन चालवते. घरात पाल दिसली तरी किंचाळणारी ही बाई वर चढली की टनभर लोखंड लीलया फिरवते. मी त्याच साइटवर स्टोअर सांभाळते, म्हणून तिची एक खोड मला ठाऊक: सकाळपासून पाण्याला शिवायची नाही. क्रेन थांबली की सगळी साइट माना वर करते, आणि बाई शिडी उतरताना दिसली की खाली दात काढणारे असतातच. मेल्यांना स्वतःला कधी लागतच नाही जणू!

लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा तिनं मागच्या खेपेच्या उरलेल्या दोन गोळ्या घेतल्या. तेव्हाही बरं वाटताच औषध अर्धवट सोडलं होतं. जळजळ थांबली.

"बघा वन्सं, झालं की नाही काम!" म्हणाली. मीही मान डोलावली.

मग एका दुपारी क्रेन थांबली. सळयांचा गठ्ठा अधांतरी. माझ्या वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला, "वन्सं, थंडी वाजतेय हो." बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"वहिनी, आधी भार खाली ठेव."

तिनं तो अलगद टेकवला. मग कंबर धरून, थांबत थांबत उतरली आणि पायथ्याशी भडाभडा ओकली. अंग नुसतं भाजत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बरगडीखाली नुसतं थोपटलं, तशी वहिनी कळवळली. गोळ्यांचं मीच सांगून टाकलं.

"जंतू मेले नव्हते, दबले होते. आता किडनीपर्यंत चढलेत," त्या म्हणाल्या.

"माझी किडनी गेली का हो?"

"लघवी तपासायला पाठवते, शिरेतून औषध सुरू करते. मग बघू."

वहिनीनं माझं मनगट धरलं ते सोडेना. दादा दाराशी उभा, चेहरा पांढराफटक. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. ही जाते की काय, असं मला खरंच वाटलं.

किडनी वाचली. औषध यावेळी शेवटच्या गोळीपर्यंत घेतलं, दादानं समोर बसून घ्यायला लावलं.

कामावर परतल्या दिवशीच भर सकाळी क्रेन थांबली. हातातला खिळ्यांचा डबा टाकून मी धावले. वहिनी शिडी उतरत होती. साइटभर माना वर.

"वहिनी, काय होतंय?" मी ओरडले.

"काही नाही हो वन्सं," ती वरूनच सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "लघवीला लागलीय!"

मी तिथंच सिमेंटच्या पोत्यावर बसले आणि ढसाढसा रडले.