पालकाची झोप

आमच्या जामखेडात माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी बाई बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात पालक पिकवते. सकाळी सातला दिवे लावते, संध्याकाळी सातला घालवते. त्यानंतर दारापाशी कुणी मोठ्यानं बोललं की तोंडावर बोट ठेवते. "हळू, निजलाय तो." सख्ख्या नणंदेलासुद्धा तिनं सातनंतर ते दार उघडून दिलं नाही. बाजारात तिच्या जुड्या बघता बघता संपतात. माझ्या वावरातल्या पालकाच्या जुड्या तिच्या शेजारी माना टाकून बसतात.

शेवटी मीही एक खोली रिकामी केली, दिवे लावले. तिच्यापेक्षा दुप्पट वाढावा म्हणून रात्रभर चालूच ठेवले. महिन्याभरात पानं राहिली बाजूला, पालकाला हातभर दांडे आले आणि वर तुरे.

ती आपणहून बघायला आली. आता हसणार, म्हणून मी तोंड फिरवलं. तिनं एक दांडा मोडून बघितला, हात पदराला पुसले.

"ताई, लई उजेड झाला. त्याला वाटलं उन्हाळा आला, म्हनून तुरा काढला. रातच्याला अंधार पायजे त्याला."

एवढं गुपित तिनं सहज सांगून टाकलं. लपवलं असतं, तर मला सुखानं तिचा राग तरी करता आला असता.

आता तिची खिडकी अंधारली की मीही दिवे घालवते. पालक चांगला येतो. काल तिनं हेच सगळं पलीकडच्या गल्लीतल्या बाईलाही तितक्याच प्रेमानं सांगितलं, आणि माझ्या पोटात पुन्हा दुखलं.